ड्रोनचा नकाशा आणि आपल्या बोअरचं पाणी

चुलीवर काही ठेवलं असेल तर हात चालू राहू द्या, फक्त कान इकडं द्या. आज आम्ही ड्रोनबद्दल बोलणार आहोत. फवारणीचा ड्रोन आता तुम्हाला ओळखीचा झालाय. आजचा ड्रोन वेगळा आहे. जमिनीतून निघणारी, डोळ्याला न दिसणारी किरणं तो वरून मोजतो आणि त्यांचा नकाशा काढून देतो.

हा विषय निघाला एका गटाच्या बैठकीत. बचतीचा हिशेब झाला, वही मिटली, आणि एका ताईनं लेकाच्या मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ सांगितला. ड्रोन शेतावरून फिरतो आणि कुठं किरणं जास्त, कुठं कमी ते रंगांनी दाखवतो. बैठकीत गलका झाला. त्या गलक्यातून तीन प्रश्न आम्ही वहीत उतरवून घेतले. पहिला : "तो ड्रोनच किरणं सोडतो का?" दुसरा : "आपल्या शिवारात असलं काही आहे का?" तिसरा प्रश्न बैठकीतल्या सगळ्यांत थोरल्या मावशींचा : "वरून जमीन कळते म्हणता, मग माझ्या बोअरचं पाणी कसं आहे ते कळंल का?"

हा तिसरा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. आजचं सगळं बोलणं त्याच्याकडंच जाणार आहे. पण आधी पहिले दोन प्रश्न सोडवू.

ड्रोनची भीती आपल्याला नवी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून माणसं काठ्या घेऊन जागली. कोण उडवतंय, कशासाठी उडवतंय हे कुणी सांगितलं नाही की अफवा पसरते. उलट स्वामित्व योजनेत गावठाण मोजायला ड्रोन आला तेव्हा आपण भ्यालो नाही, कारण आधी दवंडी झाली होती, घरांच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारली होती आणि मोजणीवाले समोर उभे होते. नमो ड्रोन दीदी योजनेत तर बचत गटांतल्या बाया स्वतः ड्रोन उडवायला शिकल्या. म्हणजे भीती ड्रोनची नसते, माहिती नसण्याची असते.

तर पहिला प्रश्न. किरणं मोजणारा ड्रोन किरणं सोडत नाही. ताप मोजायच्या नळीनं ताप चढतो का? तसंच हे. ड्रोनच्या पोटाखाली एक डबी बांधलेली असते. डबीत मिठाच्या खड्यासारखा दिसणारा, खास बनवलेला स्फटिक असतो. जमिनीतून वर आलेलं किरण त्या स्फटिकावर आदळलं की आत बारीकशी चमक उठते. ती चमक डोळ्याला दिसत नाही, पण डबीतलं यंत्र ती पकडतं आणि मोजतं. एका सेकंदात किती चमका उठल्या, त्यावरून किरणं किती ते कळतं.

यातली गंमत पुढं आहे. सगळ्या चमका सारख्या नसतात. तांब्याचं भांडं पडलं की एक आवाज, स्टीलचं पडलं की दुसरा. स्वयंपाकघरात न डोकावताही काय पडलं ते आपल्याला कळतं. तसं चमकेच्या जोरावरून यंत्राला कळतं की हे किरण पोटॅशियममधून आलं, हे थोरियमच्या घराण्यातून, हे युरेनियमच्या घराण्यातून. सोबत ड्रोन स्वतःची जागा आणि उंचीही टिपत जातो. तिफण जशी एक तास पुरं करून वळते आणि शेजारून दुसरं तास धरते, तसा हा ड्रोन सरळ रेषेत जातो, वळतो, शेजारून परत येतो. अशी सगळी तासं जोडली की नकाशा तयार होतो.

आता दुसरा प्रश्न. आपल्या शिवारात किरणं आहेत का? आहेत. जगातल्या प्रत्येक शिवारात आहेत. दगडात, मातीत, विटांत थोडं युरेनियम, थोडं थोरियम, थोडं पोटॅशियम असतंच. केळ्यात पोटॅशियम आहे, डाळीत आहे, आपल्या अंगातही आहे. त्यातला एक बारीकसा हिस्सा सतत किरणं सोडत असतो. माणूस या पृथ्वीवर आल्यापासून या किरणांतच वाढला. म्हणून "किरणं आहेत का" असं विचारण्यापेक्षा "किती आहेत, कशातून येतात आणि आपल्या पोटात जातात का" हे विचारलं पाहिजे.

आणि इथं नांदेड-लातूरची गोष्ट फार मजेची आहे. आपल्या पायाखाली दोन जातींचे दगड आहेत. एक आपला ओळखीचा काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला, थरावर थर थिजले, आणि त्याच दगडाची पुढं आपली काळी कसदार माती झाली. दुसरा त्याच्याही कितीतरी आधीचा, अब्जावधी वर्षांचा, ग्रॅनाइटचा दगड. तांबूस, राखी, त्यात चमचमणारे कण.

लातूर जिल्ह्यात काळा दगड वर आहे आणि ग्रॅनाइट खोल खाली दडलेला आहे. किती खोल? याचं उत्तर किल्लारीनं दिलं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट इथल्या कुणाला सांगायला नको. त्या भूकंपानंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहायला शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटरपर्यंत काळाच दगड लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा जुना दगड. म्हणजे आपल्या नेहमीच्या बोअरच्या कितीतरी खाली.

नांदेड जिल्ह्यात मात्र पूर्वेला आणि दक्षिणेला, तेलंगणाच्या बाजूला सरकलं की काळ्या दगडाची ही गोधडी पातळ होत जाते आणि संपते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेड, किनवट या भागांत ठिकठिकाणी तो जुना ग्रॅनाइट उघडा पडलाय. माळावर एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसतात, माती तांबूस आणि वाळूसारखी भुरभुरीत असते. त्या भागातून लातूरला सून म्हणून आलेल्या बायांना हा फरक चांगला ठाऊक आहे. माहेरची माती हाताला लागते वेगळी, सासरची चिकटते वेगळी.

काळ्या दगडात युरेनियम कमी असतं, साधारण टनामागं एक ग्रॅमच्या आत. ग्रॅनाइटमध्ये टनामागं तीन-चार ग्रॅम असणं ही जगभरची सर्वसाधारण गोष्ट आहे. थोरियम आणि पोटॅशियमही ग्रॅनाइटमध्येच जास्त. म्हणून किरणं मोजणारा ड्रोन उद्या लातूरहून देगलूरकडं उडवला, तर काळ्या दगडावर त्याच्या नकाशाचा रंग निळा-हिरवा येईल आणि ग्रॅनाइटवर पिवळा-तांबडा. त्यात नवल काही नाही, भिण्यासारखंही नाही. दगडाची जात बदलली एवढंच तो सांगतोय. स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा असेल तर त्यावर खुशाल भाकरी थापा.

पण नकाशा वाचता आला पाहिजे, नाहीतर तांबडा रंग पाहून गावात पुन्हा अफवा उठायची. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, रंगाची. नकाशावर तांबडा म्हणजे धोका असं नसतं. तांबडा म्हणजे शेजारच्या जागेपेक्षा जास्त, एवढंच. वर्गात पहिली आलेली पोरगी शंभरपैकी चाळीस मार्कांनीही पहिली येऊ शकते. म्हणून रंगाशेजारचा आकडा विचारायचा, आणि तो आकडा कशाच्या तुलनेत जास्त आहे तेही विचारायचं.

दुसरी, खोलीची. ड्रोनला वरच्या फूट-दीड फूट मातीतली किरणंच काय ती कळतात. त्याखालची किरणं माती आणि दगडच अडवून धरतात. तीनशे फुटांवर काय आहे ते ड्रोनला ठाऊक नसतं.

तिसरी, उंचीची. हवासुद्धा किरणं अडवते. सुमारे शंभर मीटर उंचीवर गेलं की जमिनीवरून येणारी ही किरणं साधारण निम्मी उरतात. विमान किंवा हेलिकॉप्टर उंचावरून जातं, त्यामुळं त्याचा नकाशा मोठ्या मुलखाचा पण भरडा येतो. ड्रोन दोन-तीन मजली घराएवढ्या उंचीवरून सावकाश जाऊ शकतो, त्यामुळं त्याचा नकाशा बारीक येतो. पण बॅटरी थोड्याच वेळात उतरते, म्हणून मुलूख लहान. रवाळ दळण लवकर होतं, बारीक दळायला वेळ लागतो, तसंच.

चौथी, पावसाची. माती ओली असली की किरणं कमी दिसतात, कारण पाणी त्यांना अडवतं. उलट सर नुकतीच पडली असेल तर हवेतले किरणं सोडणारे बारीक कण जमिनीवर उतरतात आणि दोन-तीन तास आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून असं मोजमाप कोरड्या दिवसांत करतात. नकाशा कुणी दाखवला तर "हा कोणत्या महिन्यात काढला?" हे विचारायला विसरू नका.

आता हे यंत्र खरं कामाला कुठं आलं ते सांगतो. जपानात ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. सिझियम नावाचं किरणं सोडणारं द्रव्य हवेतून पसरून शेतांवर, रानांवर, घरांच्या छपरांवर बसलं. दीड लाखाच्या आसपास माणसांना घरदार सोडावं लागलं. कुठं किती पडलंय ते मोजल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं, कुणाला नाही, हे ठरणार कसं? आणि मोजायला माणसं पाठवायची तर ती माणसंही किरणांत सापडणार.

तेव्हा जपानच्या अणुसंशोधन संस्थेनं माणूस नसलेलं लहान हेलिकॉप्टर वापरलं. ते हेलिकॉप्टर मुळात बनवलं होतं भाताच्या शेतावर औषध फवारायला! फवारणीची टाकी काढली आणि किरणं मोजायची डबी लावली. आपल्या ड्रोन दीदी उडवतात त्या ड्रोनचंच हे थोरलं भावंडं म्हणा. त्यानं कमी उंचीवरून फिरून कुठं सिझियम जास्त बसलंय त्याचे नकाशे दिले. पुढं कुठल्या शेताची वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडायची हे ठरवायला अशी मोजमापं लागली. युक्रेनमधल्या चेर्नोबिलला तर १९८६ सालच्या अपघाताची जागा आजही माणसानं जास्त वेळ थांबण्याजोगी नाही. तिथल्या रानावरून २०१९ साली इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्रोन फिरवून नकाशा काढला. आपल्याकडंही युरेनियमचा शोध घेणाऱ्या परमाणु खनिज संचालनालयाचे लोक हवाई मोजणी करतात, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हवेतून किरणं मोजायची यंत्रं तयार केली आहेत.

पण हवेतून सगळं सापडतं असं नाही. २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खाणीतलं एक यंत्र ट्रकमधून नेताना त्यातली सिझियमची कुपी वाटेत पडली. कुपी केवढी? ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आणि रस्ता १,४०० किलोमीटरचा! ती शेवटी सापडली १ फेब्रुवारीला, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत बसवलेल्या यंत्राला. रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर पडली होती. मोठ्या मुलखाचा अंदाज वरून येतो, बारीक वस्तू हुडकायला जमिनीवर उतरावं लागतं.

यात आपल्यासाठी एक सावधगिरीची गोष्ट आहे, ती सांगून पुढं जातो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं यंत्र भंगार म्हणून आलं. त्यात कोबाल्ट नावाचं किरणं सोडणारं द्रव्य होतं. कामगारांनी ते फोडलं. कितीतरी जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. आपल्या गावातही भंगारवाला येतो, लेकरं लोखंड गोळा करून त्याला देतात. जड शिशाचा डबा किंवा पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांसारखं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, फोडायची तर नाहीच. लेकरांना लांब घ्यायचं आणि ११२ वर फोन लावायचा. ते चिन्ह कसं असतं ते शाळेतल्या गुरुजींना फळ्यावर काढून दाखवायला सांगा.

आता येऊ मावशींच्या प्रश्नाकडं. वरून जमीन कळते, मग बोअरचं पाणी कळंल का?

मावशी, नाही कळणार. ड्रोनला वरची फूट-दीड फूट माती दिसते आणि तुमच्या बोअरला पाणी लागलंय दोनशे-तीनशे फुटांवर. तिथं ग्रॅनाइटच्या फटीफटीतून पाणी वर्षानुवर्षं मुरत असतं. दगडातलं थोडं थोडं युरेनियम पाण्यात विरघळतं. पाण्यात खारेपणा आणि खायच्या सोड्याच्या जातीचे क्षार जास्त असले की ते आणखी विरघळतं. खतांमधून झिरपलेलं नायट्रेटही त्याला हातभार लावतं, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. एका बोअरला ते येतं, आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बोअरला येत नाही, कारण दोघींच्या फटी वेगळ्या.

याच दगडातून फ्लोराइडही पाण्यात येतं. त्याची ओळख आपल्याला आहे. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, थोरांचे गुडघे आणि कंबर आखडलेली. नांदेड जिल्ह्यात हा त्रास नवा नाही. फ्लोराइड निदान दातांवर दिसतं. युरेनियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. हंड्यात पाहून कुणालाच कळायचं नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य धोका किरणांचा नाही. ते शिशासारखं जड धातू आहे आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर ते मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला त्रास देतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी त्याचं माप घालून दिलंय : एका लिटरला ३० मायक्रोग्रॅम. हे किती थोडं आहे? हजार लिटरची टाकी भरली तर तीत ३० मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीचाही लहानसा भाग. केंद्रीय भूजल मंडळानं अलीकडच्या वर्षांत देशभरचं भूजल यासाठी तपासलं. पंजाब-हरियाणात मापाबाहेरचे नमुने जास्त निघाले, देशातले बहुतेक नमुने मापात होते. तेव्हा आज लगेच घाबरून बोअर बंद करायचं कारण नाही. पण ग्रॅनाइटवर राहायचं आणि पाणी एकदाही तपासायचं नाही, हेही बरोबर नाही.

तपासायचं कुणी? इथं आम्हाला जपानच्याच बायांची गोष्ट सांगायची आहे. फुकुशिमा जिल्ह्यात इवाकी नावाचं शहर आहे. अपघातानंतर तिथं रोजचा प्रश्न होता, की लेकराच्या ताटात काय वाढू? नकाशे निघत होते, आकडे जाहीर होत होते. पण "माझ्या परसातली ही भाजी, माझ्या घरचा हा तांदूळ कसा आहे?" याचं उत्तर नकाशात नव्हतं. मग २०११ सालीच तिथल्या आयांनी पुढाकार घेऊन गावकऱ्यांची स्वतःची तपासणी प्रयोगशाळा उभी केली. नाव ठेवलं ताराचिने. जपानी भाषेत हा आईसाठीचा जुना शब्द आहे. त्या बाया काही शास्त्रज्ञ नव्हत्या. यंत्र चालवायला शिकल्या, भाज्या, तांदूळ, पाणी, माती तपासू लागल्या आणि आकडे लोकांपुढं मांडू लागल्या.

आपल्याकडं याची सुरुवात झालेलीच आहे. जल जीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलंय. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पट्टीशी जुळवायचा. तुमच्यापैकी कुणी ते केलंही असेल. त्या किटनं फ्लोराइड कळतं, नायट्रेट कळतं, खारेपणा कळतो. युरेनियम मात्र त्या किटनं कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र लागतं. म्हणून गटानं काय करायचं ते आता एक एक करून सांगतो. वही-पेन घ्या.

पहिलं काम, गावाचा नकाशा. समाजमंदिरात किंवा मारुतीच्या पारापुढं जमिनीवर रांगोळीनं गाव काढा. रस्ते, ओढा, शाळा, अंगणवाडी, आणि पिण्याचं पाणी जिथून येतं तो प्रत्येक बोअर, हातपंप, आड. प्रत्येकापुढं लिहा : किती फूट खोल, आणि बोअर पाडताना भुकटी कोणत्या रंगाची आली. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. बोअरची गाडी लागली होती त्या दिवशी धुराळ्यात चहा घेऊन आपणच उभ्या होतो. काळी भुकटी येत होती आणि मग तांबूस-पांढरी, चमचमणारी यायला लागली, हे पुरुषांच्या आधी आपल्या लक्षात आलेलं असतं, कारण धुणी आपल्याला धुवायची होती. चमचमती तांबूस भुकटी म्हणजे बोअर ग्रॅनाइटमध्ये गेला. ही माहिती कुठल्या ड्रोनपाशी नाही, ती तुमच्यापाशी आहे.

दुसरं काम, ओळ लावणं. सगळे बोअर एकदम तपासता येणार नाहीत. आधी शाळेचा आणि अंगणवाडीचा. मग ज्या बोअरला तांबूस भुकटी आली होती आणि ज्याचं पाणी जास्त घरं पितात तो. मग बाकीचे.

तिसरं काम, नमुना. मोटर किंवा हातपंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे नळीतलं शिळं पाणी जाईल. प्रयोगशाळेनं दिलेली स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीन वेळा विसळा, मग काठोकाठ भरा. वर चिठ्ठी : गाव, बोअरची जागा, खोली, तारीख. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण पाणी खाली गेलं की आकडा बदलू शकतो.

चौथं काम, पत्र. ग्रामसभेत ठराव घ्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पत्र द्या. पत्रात मोघम "पाणी तपासावे" लिहू नका. "फ्लोराइड, नायट्रेट आणि युरेनियम तपासून आकडे लेखी द्यावेत" असं लिहा. मागितलं नाही तर नेहमीच्याच चाचण्या होतात आणि कागदावर "पिण्यास योग्य" एवढंच येतं. पत्राची पोच घ्या, गटाच्या फाइलला लावा.

आकडा मापाबाहेर आलाच तर? पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि युरेनियम तेवढंच राहतं. दुहेरी फडक्यानं गाळून किंवा साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही ते जात नाही. आरओ यंत्रानं जातं, पण त्यातून बाहेर पडणारं उरलेलं पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरायचं नाही. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी धरणं. धरणाच्या योजनेचं पाणी, छपरावरचं साठवलेलं पावसाचं पाणी किंवा तपासून चांगला निघालेला शेजारचा बोअर. त्या बोअरचं पाणी धुण्याला, अंगोळीला चालतं. माणशी रोज काही लिटरच प्यायला लागतं, तेवढ्याची वेगळी सोय गटानं ठरवली तर होते.

आणि उद्या खरंच कुणी आपल्या शिवारावर असा ड्रोन घेऊन आलं, तर त्याला हाकलूही नका आणि नुसतं बघतही बसू नका. विचारा : तुम्ही कुठून आलात, परवानगी कुणाची आहे, काय शोधताय, आणि निघालेला नकाशा ग्रामसभेत मराठीत समजावून सांगणार का? आपल्या जमिनीची माहिती आपल्याला कळली पाहिजे, हे मागायला लाजायचं नाही. त्यांचा नकाशा आला की तो आपल्या रांगोळीच्या नकाशाशेजारी ठेवा. त्यांचा सांगेल कुठल्या बाजूला ग्रॅनाइट उघडा आहे. आपला सांगेल त्या बाजूचं पाणी कोणकोणती घरं पितात. दोन्ही जवळ ठेवले की कोणता बोअर आधी तपासायचा ते पाचवीतलं लेकरूही सांगेल.

त्या दिवशी बैठक उठताना मावशी म्हणाल्या, "म्हणजे बाटली मलाच भरावी लागंल." होय मावशी, तुम्हालाच. आणि तुमच्या मागं आम्ही सगळ्याजणी.

तुमच्या गावाचा नकाशा काढून झाला की आम्हाला जरूर कळवा. कोणत्या गावात तांबूस भुकटीचे बोअर किती निघाले ते पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर राम राम.